मावसाजींचे चालवाले

आमच्या मावसाजींइतकं मेलेल्या माणसांवर प्रेम करणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या नागपुरात झाला नसेल. अट एवढीच, की त्या मेलेल्या माणसाने मरण्यापूर्वी एखादी तरी चाल बांधलेली असावी. मग तो रशियाचा असो की रामटेकचा, मावसाजी सकाळी साडेसहाला त्याच्या नावाने उदबत्ती लावणार, त्याची तबकडी वाजवणार आणि त्याला कोणकोणते रोग होते याची सविस्तर माहिती गल्लीतल्या पोरांना ऐकवणार. जिवंत माणसांशी त्यांचं फारसं जमत नसे. सख्ख्या मेहुण्याच्या मुलीचं नाव ते दर लग्नात नव्याने विचारत, पण कुठल्याशा हंगेरीतल्या सारंगीवाल्याच्या तिसऱ्या बायकोचं माहेर त्यांना तोंडपाठ होतं. मावशी म्हणायची, "ह्याहिले सांगून ठेवलं हाये मी, का एखादं गाणं रचून मरतो, म्हंजे तरी माही तारीख ध्यानात राहीन."

मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. गांधीबागेच्या मागच्या एका गल्लीत आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये फक्त एक भिंत आणि एक पिठाची चक्की होती. ते तारघरात तारबाबू होते. दिवसभर कानाशी कट्ट-कड-कट्ट चालू असायचं आणि त्या कटकटीतून त्यांना पलीकडचा माणूस दिसायचा. "वर्ध्याचा आज बायकोशी भांडून आला," ते जेवता जेवता सांगत, "हात जड पडून राहिला होता त्याचा." इटारसीच्या माणसाला सर्दी झाल्याचं त्यांनी म्हणे तारेवरून ओळखलं होतं आणि त्याला उलट तारेने सुंठ-गूळ घ्यायला सांगितलं होतं. खरंखोटं इटारसीला ठाऊक. पण आपल्या कानाचा त्यांना जो अभिमान होता तो कुणाला आपल्या शेतीवाडीचाही नसेल. शेतीवाडी त्यांच्याकडे नव्हती, रूप बेताचं होतं, बढती दर वेळी दुसऱ्यालाच मिळे. राहता राहिला कान. "सहा सूर," ते तर्जनी वर करून म्हणत. "पहिले सहा सूर ऐकवा. कोण चालवाला हाये ते सांगतो. नाही सांगितलं तं मिशा उतरवतो." चाल बांधणाऱ्याला ते चालवाला म्हणत, आणि मिशा त्यांना खरोखरच होत्या.

हे चालवाले त्यांच्या घरी आले कसे, त्याचीही गंमत आहे. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा साहेब देश सोडून निघाला होता. त्याच्या तारा मावसाजींनी वर्षानुवर्षं इतक्या बिनचूक पाठवल्या होत्या, की जाताना त्याने त्यांना चावीचा फोनो, बारा तबकड्या आणि चालवाल्यांच्या चरित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देऊन टाकलं. तबकड्यांच्या मधोमध असतात त्या नावांच्या मूळच्या कागदी चकत्या कसरीने खाऊन टाकल्या होत्या. म्हणून साहेबाने खोक्यावर बसून कुठल्या बाजूला कोण आहे ते एकेक करून सांगितलं आणि मावसाजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या गोल चकत्या कापून, त्यांवर शाईने नंबर आणि नाव घालून गोंदाने चिकटवल्या. परदेशी नावं आमच्या जिभेवर ठरायची नाहीत, खरं तर त्यांच्याही नाही. त्यामुळे त्यांनी सरळ बारसंच केलं. एक पोस्टमास्तर, कारण तो रशियात टपालाच्या कचेरीत होता. एक खोकलेबुवा. एक सासूवाली, म्हणजे सासूच्या भीतीने स्वयंपाकघरात लपून चाली लिहिणारी फ्रेंच बाई, जी मावशीची फार लाडकी होती. एक अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्या गुलामाचा नातू होता. त्याला ते 'आपल्याकडला' म्हणत, कारण जिथे कापूस तिथे आपलं माणूस असा त्यांचा हिशेब होता. साहेबाला हिंदुस्थानी गाण्याचीही आवड असावी, कारण दोन तबकड्या एका बीनकाराच्या आणि एका बाईजींच्याही होत्या.

रोज सकाळी दूधवाला गेला की मावसाजींच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पडे. आम्ही सात-आठ पोट्टे आणि पोट्ट्या मांडी घालून बसत असू. आधी चावी देण्याचा मान कुणाचा यावर मारामारी, मग डोळे मिटून ऐकणं, मग एकाने उभं राहून रजिस्टरमधून त्या चालवाल्याचा इतिहास वाचणं, आणि शेवटी मूठभर फुटाणे. फुटाणे आधी मिळत नसत, कारण चावण्याच्या आवाजाने म्हणे मेलेल्या माणसाचा अपमान होतो. रजिस्टर मावसाजींनी त्या इंग्रजी पुस्तकावरून शब्दकोश मांडीवर घेऊन स्वतः तयार केलं होतं. तारघराच्या सवयीने त्यात एकही जास्तीचा शब्द नव्हता. "नाव: खोकलेबुवा. गाव: थंड. धंदा: शिकवण्या. रोग: छाती. लग्न: जमता जमता मोडले. चाली: पुष्कळ. मरण: लवकर." मराठी साहित्यात इतकी आटोपशीर चरित्रं मी पुढे कधी वाचली नाहीत. आणि आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, दोन वर्षं रोज ऐकूनही आम्हाला एक चालवाला दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नव्हता. डोळे मिटले की मी फुटाण्यांचा विचार करत असे. माझ्या शेजारी बसणारी चक्कीवाल्यांची पुष्पी तर बसल्या बसल्या चक्क झोपायची, आणि तिचं डोलणं पाहून मावसाजी आम्हाला म्हणायचे, "पाहा, हिले समजून राहिलं."

शनिवार मात्र जिवंत चालवाल्यांचा. जिवंत म्हणजे एकच, शेजारच्या वस्तीतले टेलर मास्तर. मास्तरांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून ते धम्माची, बाबासाहेबांची आणि शाळेत जाणाऱ्या लेकींची गाणी रचत, मशीनच्या पायटीवर ताल धरून. मावसाजींनी त्यांना बोलावून आणलं, सतरंजीवर सगळ्यांच्या पुढे बसवलं, आणि त्यांच्यादेखत त्यांचा रजिस्टरातला रकाना भरायला घेतला.

"रोग?" मावसाजींनी विचारलं.

मास्तर गोंधळले. "तसा काही नाही बाबूजी. गॅस होते कधी कधी."

"रोग: गॅस," मावसाजींनी गंभीरपणे लिहिलं. "मरण?"

"आता ते मी कसं सांगू?"

"मरण: बाकी," असं लिहून मावसाजींनी रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि मास्तरांच्याच समोर मला ते उभं राहून वाचायला लावलं. मास्तर मात्र खूश झाले. पोस्टमास्तराच्याच रजिस्टरात आपणही आहोत हे त्यांनी वस्तीत सगळ्यांना सांगितलं, आणि पुढे दर शनिवारी ते नवी चाल घेऊन येऊ लागले. आम्ही पोरं खरोखर ओळखायचो ती फक्त मास्तरांची गाणी, कारण त्यांत आम्हाला टाळ्या वाजवता यायच्या.

मग ते मे महिन्याचं प्रकरण झालं. आमच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना सांगण्यात अर्थ नसतो, ते हसतात. तबकड्या उन्हाने पापडासारख्या वाकतात म्हणून मावसाजी मे लागला की त्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताटीसमोर ठेवत. खिडकीला ताटी, ताटीवर बादलीने पाणी, आणि ताटीच्या आत मावशीचं ताटं ठेवायचं लोखंडी ताटाळं, त्यात एकेका खाचेत एकेक तबकडी उभी. मावशीची ताटं दोन महिने जमिनीवर. त्या वर्षी भंडाऱ्याकडे लग्न निघालं आणि चार दिवसांसाठी दोघांनाही जावं लागलं. मावसाजींनी किल्ली माझ्या हातात दिली. मला दहावं वर्ष, पुष्पीला अकरावं. "दर दोन घंट्यानं ताटीवर पाणी मारायचं," ते म्हणाले. "ताटी सुकली नाही पाहिजे. चालवाल्यांचा जीव तुमच्या हाती हाये, समजलं काय?"

समजलं. इतकं समजलं की आम्ही दोन घंट्यांऐवजी अर्ध्या अर्ध्या घंट्याने पाणी मारू लागलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पुष्पी म्हणाली, तुझ्याने ताटीच्या वरच्या पट्टीपर्यंत पाणी जात नाही. मी म्हटलं, तुझ्याच्याने जात नाही. मग कुणाची बादली उंच जाते याची जी शर्यत लागली ती हौद रिकामा होईपर्यंत चालली. आत जाऊन पाहतो तर ताटाळ्याखाली तळं साचलेलं आणि त्या तळ्यात बारा तबकड्यांच्या चोवीस चकत्या नावेसारख्या फिरून राहिलेल्या. काळ्या तबकड्या स्वच्छ, बिननावाच्या, सगळ्या सारख्या. पोस्टमास्तर सासूवालीला चिकटला होता.

"आता वं?" मी म्हटलं.

"आता काय! सुकवू," पुष्पी म्हणाली. तिच्या घरी वाळवणाचा मोसम होता, त्यामुळे तिला पहिला उपाय तोच सुचला. गच्चीवर तिच्या आईच्या कुरडयांच्या शेजारी आम्ही चालवाले वाळत घातले. शाई फुटली होती तरी नावं वाचता येत होती. प्रश्न होता कोण कुठे लावायचा. मैद्याची खळ शिजवली, फोनो लावला आणि एकेक तबकडी ऐकून ओळखायला बसलो. तेव्हा कळलं, की दोन वर्षांत आम्ही काहीच ऐकलेलं नाही. एका तबकडीवर पुष्पी ठामपणे म्हणाली, "हा खोकलेबुवा. पाह्य ना गा, खोकलून राहिला." तो तबकडीवरचा चरा होता. बाईजींचा आवाज तेवढा ओळखू येईल असं वाटलं होतं, पण गाणाऱ्या बायका तीन तबकड्यांवर निघाल्या आणि तिघी सारख्याच रडत होत्या. शेवटी पुष्पीने डोळे मिटून चकत्या उचलल्या आणि मी डोळे मिटून तबकड्या. खळ लावली, वरून पोळपाट दाबला, आणि सगळे चालवाले परत ताटाळ्यात उभे केले.

मावसाजी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजीवर मी आणि पुष्पी सगळ्यांच्या आधी हजर. नंबर एक, पोस्टमास्तर. मावसाजींनी उदबत्ती लावली, सुई ठेवली, रजिस्टरकडे हात नेला. सूर सुरू झाले. मी मोजत होतो. सहाव्या सुराला त्यांचा हात रजिस्टरावर थबकला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. चकतीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा आम्ही दोघं डोळे सताड उघडे ठेवून, श्वास रोखून ऐकत होतो. "हं," मावसाजी म्हणाले. "पुष्पा, पोस्टमास्तराचा इतिहास वाच." पुष्पीने वाचला. फुटाणे मिळाले. बाहेर आल्यावर चक्कीच्या ओट्यावर ती हसत हसत खाली बसली. "मावसाजीले काहीच समजत नाही गा! सहा सूर म्हणे!" मीही हसलो. पण काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, ते का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आम्ही सुटलो असं आम्हाला वाटलं, पण धास्ती गेली नाही. आज नाही तर उद्या त्यांना कळेलच, या भीतीने आम्ही रोज जाऊन कान टवकारून ऐकू लागलो. कुठला सूर आला की त्यांची भुवई हलते, कुठे ते खिडकीबाहेर पाहतात, हे पाहता पाहता चोवीसच्या चोवीस बाजू मला पाठ झाल्या. आजही त्या मी आंघोळ करताना शीळ घालून वाजवू शकतो. नावं अर्थात चुकीची.

मग एक दिवस रामदासपेठेतले एक मोठे डॉक्टर आले. विलायतेहून शिकून आलेले, मावशीच्या गुडघ्यावर त्यांचं औषध चालू होतं. गांधीबागेच्या गल्लीत एक तारबाबू मुलांना रोज देशोदेशीचे संगीतकार ऐकवतो, हे मावशीकडून कळल्यावर ते मुद्दाम सकाळी गाडी घेऊन आले. मावसाजींनी त्या दिवशी कोट घातला होता. टेलर मास्तरांना खास बोलावणं होतं. गल्लीतली अर्धी माणसं दारात उभी. मावसाजींच्या उभ्या आयुष्यात त्यांचा कान जोखू शकेल असा माणूस त्यांच्या घरी पहिल्यांदाच आला होता. त्यांनी सासूवाली लावली आणि मला इतिहास वाचायला सांगितला. मी स्वयंपाकघरातल्या त्या लपलेल्या बाईची सगळी हकीकत वाचली. डॉक्टर आधी गोंधळले, मग हसू दाबू लागले.

"माफ करा हं," ते म्हणाले, "पण ही कुणा बाईची रचना नाही. ही एका लष्करी बँडमास्तरची आहे. परेडसाठी."

दारात कुणीतरी खुसकन हसलं. मावसाजींनी दुसरी तबकडी लावली. तीही चूक. तिसरी लावली नाही. डॉक्टर माणूस सभ्य होते, म्हणाले, "असं होतं. तुमचा कान फार तयार आहे असं ऐकलं होतं, म्हणून आलो."

त्या क्षणी खोलीत खरं काय ते तिघांना ठाऊक होतं. अर्थात तेव्हा मी दोघांनाच धरत होतो. मी सतरंजीच्या पट्ट्या मोजत होतो. पुष्पीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. एक वाक्य बोलायचं होतं. चकत्या आम्ही लावल्या, एवढंच. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मावसाजी उभे होते, फोनोची चावी हातात धरून. त्यांनी चकतीकडे पाहिलं, मग हळूच आमच्याकडे, आणि म्हणाले, "माह्याच हातून चुकलं असन, डॉक्टरसाहेब. कान म्हातारा झाला आता."

मावसाजी तेव्हा पंचेचाळीसचेही नव्हते.

गल्लीला निमित्तच हवं होतं. लग्नाचा बँड गेला की पानठेल्यावरून आवाज यायचा, "मावसाजी, कोण हाये हा? सहा सूर झाले!" हातठेल्याचं चाक करकरलं तरी तेच. तारघरापर्यंत गोष्ट गेली. मावसाजी नुसते हसायचे. सहा सुरांची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. मिशा एक दिवस उतरवून आले, म्हणाले उन्हाळ्यात त्रास होतो. मावशीला तेवढं फार लागलं. पण सकाळची सतरंजी एक दिवसही चुकली नाही. पोस्टमास्तर म्हणून कुणीतरी भलताच वाजत राहिला आणि खोकलेबुवाच्या नावाने कुणीतरी ठणठणीत माणूस. पुढे आम्ही मोठे झालो, पांगलो. पुष्पी लग्न होऊन वर्ध्याला गेली. मी नोकरीला लागलो आणि मित्रांच्या बैठकीत मावसाजींची ही गोष्ट रंगवून सांगू लागलो. सूर न कळणारा माणूस पोरांना संगीत शिकवतो! लोक हसून हसून लोळत. त्यातला चकत्यांचा भाग मी गाळत असे.

मावसाजींना मी शेवटचा भेटलो तो शहराबाहेर हुडकेश्वरला. त्यांच्या मुलाने तिकडे प्लॉट घेऊन घर बांधलं होतं. तेव्हा आजूबाजूला अजून तुरीची शेतं होती. मावशी गेली होती. मावसाजींचा एक कान पार बसला होता आणि दुसऱ्याशी तोंड नेऊन बोलावं लागे. खोलीच्या कोपऱ्यात तेच ताटाळं, त्यात त्याच तबकड्या. माझ्याने राहवलं नाही. त्यांच्या बऱ्या कानाशी वाकून मी वीस वर्षांपूर्वीची बादलीची शर्यत कबूल केली.

ते हसले. "मले माहीत होतं. त्याच दिवशी. सहाव्या सुराले."

"मग बोलले काहून नाही? त्या डॉक्टरसमोर तरी बोलायचं!"

"दोन वर्षं मी वाजवून राहिलो होतो अन् तुमी फुटाणे मोजून राहिले होते. मले काय दिसत नव्हतं? ती पोट्टी तं झोपायची." त्यांनी माझा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला. "त्या दिवशी पहिल्यांदा तुमी दोघं ऐकून राहिले होते गा. डोळे असे मोठाले करून. मी बोललो असतो तं भीती गेली असती, अन् भीतीसंगं ऐकणंही गेलं असतं. मंग मी काहून बोलू?"

त्यांच्या कानाची मी वर्षानुवर्षं बैठकीत टिंगल केली होती, आणि हा माणूस सगळ्या गल्लीदेखत तो कान माझ्यासाठी गहाण टाकून बसला होता. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. त्यांना ते आवडलं नसावं, कारण त्यांनी लगेच तर्जनी वर केली, पूर्वीसारखी.

"एक गोष्ट सांगू? चोविसातली एक चकती तुमी बरोबर लावली होती. एकच."

"कोणती?"

"वा रे वा! मी काहून सांगू? ऐक अन् सांग."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मावसाजी गेले. टेलर मास्तर म्हातारपणीही चालत आले होते. रजिस्टरात मावसाजींचं पान नव्हतं म्हणून त्यांनीच ते माझ्याकडून लिहवून घेतलं. चाली या रकान्यात काय लिहावं ते आम्हा दोघांनाही सुचेना. शेवटी मास्तर म्हणाले, "लिही, ऐकवल्या." फोनो, तबकड्या आणि ताटाळं माझ्या घरी आलं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मी एक बाजू लावतो आणि रजिस्टरातला इतिहास काढून बसतो. बायको म्हणते, मावसाजी गेलेच नाहीत, नुसते घर बदलून आले. बरोबर चकती कोणती, हे कोडं मी पुष्पीलाही कळवलं आहे. तिचं वर्ध्याहून पोस्टकार्ड येतं: "सातवी असावी. मी मनात वाजवून पाहिली." मी कळवतो, नाही, अकरावी, दुसरी बाजू. गेल्या महिन्यात मात्र एका सकाळी, सहाव्या सुरालाच, माझा हात रजिस्टरावर थबकला. बरोबर लावलेली ती एक चकती हीच, अशी माझी खात्री झाली. आनंदाने मी मान वर केली आणि मोठ्याने नाव सांगितलं. समोर सतरंजी होती. बरोबर की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. मग उठून मूठभर फुटाणे घेतले आणि तबकडी संपेपर्यंत हातातच धरून ठेवले.